कुकरच्या कपाळी टिकली

आमच्या वणीच्या घरमालकीणबाईंच्या कपाळावर रोज वेगळ्या रंगाची टिकली असायची. हिरवी, निळी, जांभळी, एकदा तर चक्क काळ्या-पांढऱ्या चौकडीची. आणि ती दिवसभर कपाळावर राहीलच याचा भरवसा नाही. सकाळी पाणी भरताना पाहिलेली टिकली दुपारी एखाद्या पुठ्ठ्यावर चिकटलेली सापडायची. मी विचारलं की म्हणायच्या, "एक कमी पडून राह्यली होती न बाप्पा! मंग जवळची काढली."

त्यांना आम्ही काकू म्हणायचो. त्या वर राहायच्या, आम्ही खाली. ह्यांची खाणीत नोकरी, क्वार्टर काही मिळेना, म्हणून दोन खोल्या बघायला गेलो होतो. काकूंनी आधी आम्हाला घर नाही दाखवलं. माझ्या हातातली पिशवी पाहिली. बाजाराची साधी नायलॉनची पिशवी, हिरव्या-लाल पट्ट्यांची. ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही पिशवी दोन दिवस मले देसान तं खोली तुमची." हे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवी रिकामी करून दिली. कांदे पदरात घेऊन घर पाहणारी मी एकटीच असेन.

दोन दिवसांनी वर गेले तर भिंतीवर माझी पिशवी! एक नाही, चार. एक निळ्यावर पिवळी, एक गुलाबीवर हिरवी, अशा. भोवती जाडजूड काळी रेघ. मी त्या पिशवीतून किती वर्षं भाजी आणली असेल, पण तिला असं समोरून कधी पाहिलं नव्हतं हो. देखणी होती की!

"चार कायले काढल्या काकू? पिशवी तं एकच हाये."

"एकदा काढलं तं ते सामान," काकू म्हणाल्या, "चारदा काढलं तं चित्र."

हे त्या कुठे शिकल्या म्हणाल तर मोबाईलवर. त्यांच्या मोबाईलचा आवाज गेलेला होता. दुरुस्त करायला त्या काही गेल्या नाहीत. कुणीतरी बाई घरच्या घरी असली चित्रं कशी करायची ते दाखवायची, तिचे फक्त हात काकूंना दिसायचे. "बोलून काय करते ती? हात तं दिसून राह्यले न." पॉप आर्ट हे नावही त्यांनी पडद्यावर लिहिलेलं वाचलं म्हणून कळलं. बाकी सगळं हात पाहून उचललेलं. आणि जिथे त्या बाईकडे परदेशी सामान असायचं, तिथे काकूंकडे दुकान होतं.

दुकान म्हणजे त्यांच्या मालकांचं. गांधी चौकाच्या बाजूला छोटंसं कटलरीचं दुकान होतं, बांगड्या, रिबिनी, चाप, पिना आणि टिकल्यांची पाकिटं. मालक गेले, दुकान बंद झालं आणि सगळा माल खोक्यांत भरून वरच्या खोलीत आला. तेराव्यानंतर गल्लीतली एक बाई काकूंना हळू आवाजात सांगायला आली की आता तुम्ही टिकली लावणं बरं दिसत नाही. काकूंनी तिला त्या खोलीत नेलं, खोकी दाखवली आणि विचारलं, "एवढ्या टिकल्या हायेत. मी नाही लावली तं कोणाले लावू, तुह्या म्हशीले?" मग त्यांनी एक स्वतःला लावली. बाकीच्या कुकरला लावल्या.

खरंच सांगते. कुकरचं चित्र होतं त्यांचं, दारातून आत गेलं की समोरच. आमच्याकडे देवाची तसबीर असते त्या जागी. शिट्टीपासून हँडलपर्यंत सगळी सावली टिकल्यांची, लहान-मोठ्या, लाल-मरून. जवळून पाहिलं तर नुसत्या टिकल्या, आणि मागे सरकून पाहिलं तर कुकर असा फुगीर दिसे की आता शिट्टी देतो की काय. मी म्हटलं, काकू, निदान गणपती तरी काढायचा पहिला. तर म्हणाल्या, "गणपती सारेच काढतात. कुकरनं काय पाप केलं? रोज वरण तं तोच शिजवून राह्यला."

वणीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको की तिथे सगळ्या गोष्टींचा शेवटचा रंग एकच. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात. सकाळी पुसलेला कठडा संध्याकाळी बोट लावलं की बोट काळं. पांढरा सदरा वाळत घातला तर उतरवताना झटकायचा आणि काय झालं ते पाहायचं नाही. काकूंचं घर त्या गल्लीत असं दिसायचं जसं कोणी राखेत बुंदी सांडली. प्रत्येक दार वेगळ्या रंगाचं. जिन्याची पायरी एक पिवळी, एक निळी. "ते काळं करून राह्यले तं करू दे," म्हणायच्या, "आपुन आपलं काम करा."

बुंदीवरून आठवलं. माझा बुंदीचा झारा त्यांनी नेला तो नेलाच. झाऱ्याची भोकं एकसारखी असतात ना, तो पुठ्ठ्यावर ठेवायचा, वरून स्पंजाने रंग थोपटायचा, झारा उचलला की खाली ठिपक्यांची रांगच रांग. ती मोबाईलवाली बाई त्यासाठी काहीतरी विकत आणायची, काकूंना माझा झारा पुरला. दिवाळीला मी मागून आणला, तीनदा घासला, तरी पहिल्या घाण्याची बुंदी जरा हिरवटच निघाली. ह्यांनी ताटात पाहिली आणि खाल्ली. मग म्हणाले, "त्या बाईचं डोस्कं फिरलं हाये." पण ह्यांच्या खाणीतल्या हेल्मेटचं चित्र काकूंनी करून दिलं तेव्हा मात्र हे स्वतः खिळा ठोकायला स्टुलावर चढले होते.

बाकी सामानही असंच. काळ्या रेघेसाठी वायरमनची चिकटपट्टी. पुठ्ठा किराण्याच्या खोक्यांचा. फोटो झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घ्यायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि त्याच्यावर रंग. एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन वर गेला आणि बराच वेळ खाली येईना. मी जिन्यातून डोकावले तर तो सिलिंडरच्या चित्रासमोर उभा. सहा सिलिंडर, सहा रंगांचे. "काकू," तो म्हणत होता, "हे मी इतके वर्षं खांद्यावर वाहून राह्यलो, मले काहून नाही दिसलं असं?" काकू म्हणाल्या, "खांद्यावर असलं तं दिसन कसं?"

आता पल्लवीचं सांगते.

पल्लवी माझी लेक. रंगाने सावळी, म्हणजे माझ्या आईवर गेलेली. लहानपणी शाळेत पोट्टे तिला कोळसा म्हणायचे, वणीत दुसरं काय म्हणणार! ती तेव्हा दगड घेऊन मागे धावायची. मोठी झाल्यावर धावणं थांबलं. मला वाटलं, विसरली.

बोरी अरबचं स्थळ आलं. कापूस, तूर, सोयाबीनची शेती, मुलगा यवतमाळला नोकरीला, बोलायला साधा. पाहायला आले तेव्हा मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आत्या. आमच्याकडे खुर्च्या कमी म्हणून काकू वरून दोन घेऊन आल्या, आणि आल्या तशा दारातच थांबल्या. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आत्याबाईंनी कप उचलला, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, "पोरगी गुणाची हाये वं. रंग तेवढा जरा दबलेला. पण चालते. लग्नात मेकपवाली चांगली पाहा म्हंजे झालं."

होणाऱ्या विहीणबाई कपात पाहत राहिल्या. मुलगा काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात त्याच्या वडिलांनी पाऊसपाण्याचं काढलं. ट्रेमधल्या बशा एकमेकींवर वाजल्या, तेवढा आवाज मला आजही ऐकू येतो. काकूंनी खुर्च्या ठेवल्या आणि वर निघून गेल्या.

मुलाकडून होकार आला. सगळे खूश. पण पल्लवी त्या दिवसापासून बदलली. आरशासमोर उभी राहिली की उभीच. कुठल्या कुठल्या क्रीम मागवल्या. साखरपुड्यात प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे. मला म्हणाली, "आई, मेकपवालीले सांगजो, गोरं दिसलं पाहिजे. हातसुद्धा." मी म्हटलं, अगं मुलाला तू पसंत आहेस ना? तर म्हणाली, "त्याले हाये. घर तं त्याच्या एकट्याचं नाही न."

मला एकच भीती. पोरगी त्या घरात मान खाली घालून जाईल, आणि मग साऱ्यांना वाटेल की ही मान अशीच असते.

लग्न महिन्यावर आलं तशा काकू एकदा खाली आल्या. "रुखवत माहं," म्हणाल्या. मी हो म्हटलं, कारण नाही ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. मागून ओरडून सांगितलं, "काकू, थर्माकोलचं देऊळ पाहिजे! सुपारीचे नवरा-नवरी पाहिजे! सप्तपदी विसरू नका!" वरून आवाज आला, "सप्तपदी पक्की!"

रुखवत म्हणजे काय ते बायकांना माहीत आहे. मांडवात एका बाजूला टेबलं लावून नवरीकडच्यांच्या हाताची कला मांडायची आणि वराकडच्या बायकांनी येऊन एकेक वस्तू उचलून पाहायची. नावं ठेवायची हक्काची जागा ती. जेवणात मीठ कमी पडलं तर लोक विसरतात, पण रुखवत कसं होतं ते नातवंडांच्या लग्नापर्यंत निघतं.

पल्लवी रोज दुपारी वर जायला लागली. उतरायची तेव्हा नखं काळी. काय करता म्हटलं की "काही नाही, मदत." वरून खलबत्त्याचा आवाज यायचा, ठक ठक, तासन्‌तास. मी जिन्यातून विचारलं, "काकू, मसाला कुटून राह्यल्या काय?" काकू म्हणाल्या, "हो वं पल्लवीची माय, मसालाच समज." आणि दोघी अशा हसल्या की मला माझ्याच घरात परक्यासारखं झालं. पण पोरगी हसली, म्हणून मी वर चढले नाही. क्रीमच्या बाटल्या खिडकीत तशाच पडून होत्या, हे मात्र मी पाहिलं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवताच्या टेबलांवर चादरी टाकलेल्या. मी हळूच एक कोपरा उचलला. देऊळ नाही. सुपारीचे नवरा-नवरी नाहीत. झाडू! पुठ्ठ्यावर काढलेला गुलाबी झाडू, पिवळा झाडू, हिरवा झाडू. त्याच्या बाजूला कुकर, पोळपाट, पाण्याची बाटली, सगळे चार-चार. आणि सप्तपदीच्या जागी सात चपला. रबरी स्लिपर, सात रंगांच्या, टिकल्यांनी भरलेल्या, एका मागे एक.

"काकू! चपला? रुखवतात चपला?"

"मंग सात पावलं काय पोरीनं अनवाणी चालाचे? बोरी अरबले काटे नाहीत काय?"

तेवढ्यात वराकडच्या बायका आल्याच. पुढे आत्याबाई, मोरपंखी पैठणी, मागे सात-आठ जणी, आणि सगळ्यांत शेवटी विहीणबाई. काकूंनी त्या दिवशी लावलेली टिकली भगभगीत पोपटी होती. त्यांनी टॉवेल ओढावा तशी एकेक चादर ओढली. एकीने तोंडाला पदर लावला. मग दुसरी म्हणाली, "अवं, हा तं आपल्या घरचाच कुकर हाये, हँडल तुटलेला!" आणि ती वाकून टिकल्या मोजायलाच बसली. चपलांपाशी हसू फुटलं ते थांबेना. एका म्हातारीने पाय उचलून स्वतःची चप्पल शेजारी धरून दाखवली, "हे पाह्य, माहीच हाये!"

आत्याबाई हसल्या नाहीत. "नवीनच पाहून राह्यलो बाई हे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं रुखवतात शोभिवंत वस्तू राह्यते. आन् हे भिंतीले टेकवलेलं काय? ते काहून झाकलं?"

"ते खास तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या आणि शेवटची चादर ओढली.

माझी पल्लवी होती. नऊ वेळा. तीन-तीनच्या ओळीत, मोठ्या पुठ्ठ्यावर. जिन्यात बसून मान वर करून हसताना काकूंनी कधीतरी काढलेला फोटो. एक चेहरा पिवळा, केस जांभळे. एक हिरवा, ओठ केशरी. एक निळा, एक गुलाबी, एक शेंदरी, एक कागदासारखा पांढरा. गालावर माझ्या झाऱ्याचे ठिपके, कानात टिकल्यांचे झुमके.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. आवाज चढवला नाही, पण कार्यालयातल्या सनईवाल्यानेही वळून पाहिलं.

"तुमी त्या दिवशी म्हटलं होतं न आत्याबाई, रंग जरा दबलेला हाये. म्हटलं, तुमची अडचण नको. हे घ्या, नऊ हाये. पिवळी पाहिजे? निळी पाहिजे? एकदम पांढरी फट्टक बी हाये, हे पाहा. कोणती नेता सांगा. पोरगी तीच हाये."

मला वाटलं, संपलं. आता नवरदेव वऱ्हाडासकट परत जाणार. आत्याबाईंचा चेहरा चित्रातल्या दोन-तीन रंगांतून फिरून आला.

तेव्हा विहीणबाई मागून पुढे आल्या. वाट काढत, धक्के देत. त्या दिवशी कपात पाहत बसलेली बाई ती हीच का, असा मला प्रश्न पडला. त्यांनी सगळे नऊ चेहरे पाहिले आणि बोट ठेवलं ते बरोबर मधल्या चेहऱ्यावर. त्याला कुठलाच पाकिटातला रंग नव्हता. काळाभोर होता, पण असा चमकत होता की बाकीचे आठ त्याच्यासमोर धुतलेल्या कपड्यांसारखे दिसत होते. दिव्याखाली त्याच्यावर बारीक बारीक चांदण्या हलत होत्या.

"आमी हेच पाहून गेलतो," विहीणबाई म्हणाल्या. "आमी हेच नेऊन राह्यलो." मग बोट चोळून म्हणाल्या, "पण हे कायचं हाये वं? चमकी?"

"कोळसा," मागून आवाज आला. "वणीचा. मीच कुटला."

पल्लवी होती. मेकअपच्या खोलीतून बाहेर आलेली, पिवळ्या शालूत. तिच्या मागे मेकपवाली अगदी रडवेली होऊन सांगत होती की मी गोरं करत होते, पण नवरीने ऐकलंच नाही, म्हणाली कानामागे जो रंग आहे तोच तोंडावर राहू द्या. मान सरळ. हातभर बांगड्या, आणि त्यांच्याखाली तिचा स्वतःचा हात, तिच्या स्वतःच्या रंगाचा. कपाळावर काकूंच्या दुकानातली सगळ्यात मोठी लाल टिकली.

विहीणबाईंनी तिची हनुवटी धरली. "माह्या लग्नात मले कोणी असं सांगतलंच नाही वं," त्या म्हणाल्या. तेव्हा माझं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट लक्ष गेलं. त्यांनी पावडर लावलेली होती, मानेशी येऊन ती थांबलेली होती. मग त्या काकूंकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काकू, माहं बी काढून द्यान. अन् मधलं याच मसाल्याचं पाहिजे."

हशा असा उठला की भटजी विचारायला आले, काय झालं. काकू म्हणाल्या, "मुहूर्त झाला."

आता काकू तिथेच आहेत, आम्ही यवतमाळला आलो. कधी गेले की नवीन काहीतरी भिंतीवर असतं, मागच्या वेळी आमच्या गल्लीतली पाण्याची टाकी होती. बोरी अरबच्या घरी बैठकीत शिरलं की समोर दोन चित्रं, सासू आणि सून, नऊ आणि नऊ. गावातल्या बायका कापसाच्या दिवसांत वेचणीवरून येतात, उन्हाने रापलेल्या, आणि त्या मधल्या चेहऱ्यांसमोर पदर सारखा करत उभ्या राहतात. पल्लवीने आता तिथे चार जणींना झाऱ्यातून ठिपके काढायला शिकवलंय.

पण मला आठवते ती पाठवणी. रुखवत टेम्पोत चढलं, कुकर, झाडू, सात चपला सगळं बसलं, ते मोठं चित्र काही बसेना. आडवं केलं, उभं केलं, नाहीच. शेवटी ते गाडीतच न्यावं लागणार, आणि गाडीत पुढच्या सीटवर आत्याबाई बसलेल्या. ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. दोन्ही हातांनी धरून बसल्या बिचाऱ्या. मांडीवर मोरपंखी पैठणी आणि तिच्यावर माझ्या नऊ पल्लव्या, समोरच्या काचेतून सगळ्या रस्त्याला दिसतील अशा.

रंग आठ दिवस आधीच खडखडीत वाळला होता. मी स्वतः बोट लावून पाहिलं होतं. पण गाडी सुरू झाली तशा काकू फाटकापर्यंत धावल्या, खिडकीशी वाकल्या आणि ओरडल्या,

"पैठणीले लागू देऊ नका हो आत्याबाई! रंग ओला हाये, बोरी अरबपर्यंत असंच वर धरून ठेवा!"

आणि त्यांनी धरलं.